पत्ता विचारायला रस्त्यावर कोणी नसतं तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात घरोघरी जाऊन रक्ताचे सॅम्पल घेते, चौदा वर्षं झाली. फास्टिंगचे सॅम्पल म्हणजे सकाळी सहा ते नऊ, तेवढ्या वेळात सात-आठ घरं, आणि ज्या घरी जायचं तिथं माणूस रात्रीपासून उपाशी बसलेला असतो, बहुतेक वेळा वयस्कर, त्यात शुगरचा पेशंट, म्हणजे उशीर करून चालतच नाही. लोकांना वाटतं आमच्या कामात अवघड म्हणजे शीर सापडणं. शीर दोन मिनिटांत सापडते हो, घर सापडत नाही. सकाळी सहाला रस्त्यावर दूधवाला आणि पेपर टाकणारी मुलं सोडली तर कोणी नसतं, दुकानं बंद, इस्त्रीवाला आलेला नसतो, वॉचमन झोपेत, आणि फोन करावा तर आजी-आजोबांचा फोन हॉलमधे चार्जिंगला आणि ते आत. माझ्या मोबाईलवर पत्ता काय आलेला असतो, अमुक अपार्टमेंट, सर्व्हे नंबर तमुक, गणपती मंदिराजवळ, पुणे. बस. यात मला दारापर्यंत नेईल असा एक तरी शब्द आहे का सांगा.

हे पत्र लिहायचं कारण गेल्या पावसाळ्यातली एक सकाळ. माझे एक नेहमीचे पेशंट आहेत, आजोबा, दर तीन महिन्यांनी त्यांचं सॅम्पल असतं. पावणेसातला पोचले तर आजींनी रडतच दार उघडलं, आजोबांचं तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजवा हात उचलत नव्हता, बोलणं कळत नव्हतं. सून फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्यांना पत्ता सांगत होती आणि पलीकडचा माणूस परत परत तेच विचारत होता. ॲम्ब्युलन्स खरं म्हणजे दहा मिनिटांत आली होती, पण शेजारच्या गल्लीत. त्या गल्लीत पण याच नावाची बिल्डिंग आहे, रंगसुद्धा साधारण तसाच, आणि मोबाईलच्या मॅपवरची खूण बरोबर दोन बिल्डिंगच्या मधल्या कंपाउंड वॉलवर पडत होती. मी जिना उतरून पळत पळत मागच्या गल्लीत गेले तर ड्रायव्हर त्या दुसऱ्या गेटवर हॉर्न वाजवत उभा, मला म्हणाला मॅडम लोकेशन इथंच दाखवतंय हो, अगदी रडकुंडीला आला होता. तिथून गाडी वळवून, पार्क केलेल्या टू व्हीलर सरकवून आमच्या दारात यायला अजून नऊ मिनिटं. ज्यांच्या घरात असा प्रकार झालाय त्यांना ती नऊ मिनिटं काय असतात ते माहीत असेल. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. आजोबा वाचले, आता काठी घेऊन चालतात. पण मी दोष कुणाला देऊ? ड्रायव्हर वेळेत आला होता. सुनेनं पत्ता बरोबर सांगितला होता, आधार कार्डावर आहे तस्साच. पत्ता बरोबर आणि तरी घर सापडलं नाही, हे माझ्या डोक्यातून जातच नाही.

मग मी विचारायला लागले की हे नंबर आले कुठून. माझ्या मैत्रिणीचे मिस्टर जमीन मोजणीच्या कामात होते, त्यांनी मला समजावून सांगितलं आणि मला पहिल्यांदाच कळलं की आपण पत्ता म्हणून जे लिहितो ते पत्ता म्हणून कधी बनवलेलंच नव्हतं. सर्व्हे नंबर हा शेताचा नंबर आहे. कुठल्या शेतावर किती शेतसारा बसवायचा यासाठी इंग्रजांच्या काळात मोजणी झाली तेव्हा शेतांना ते नंबर पडले, मग वाटण्या झाल्या तसे हिस्से पडले, एक बटा एक, एक बटा दोन. नंतर शहर वाढलं, शेतं गेली आणि त्याच ज्वारीच्या शेतावर आठ-दहा बिल्डिंग उभ्या राहिल्या, पण सगळ्यांच्या पत्त्यात तोच एक सर्व्हे नंबर. पुणे शहरात २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली अजून २३ आली, तिकडे हीच परिस्थिती, काल परवापर्यंत शेत होतं आणि आज दोनशे कुटुंबं एका आकड्यावर राहतात. तो आकडा सरकारला जमीन सापडावी म्हणून आहे. तुम्ही सापडावं म्हणून नाहीच.

पेठांमधे तर वेगळीच तऱ्हा. तिथं सिटी सर्व्हेचा नंबर असतो, तो पण जमिनीच्या तुकड्याचा, ज्या क्रमानं मोजणी होत गेली त्या क्रमानं. म्हणजे १२४० च्या शेजारी १२४१ असेलच असं नाही, तो मागच्या बोळात निघतो, पाठीला पाठ लावून, आणि तिथं जायला पूर्ण वळसा. त्यात काही लोक जुना घर नंबर लिहितात, काही सिटी सर्व्हे नंबर, आणि वाडा पाडून बिल्डिंग झाली की पुढे अ, ब, क लागतात. म्हणून तर पुणेकर नंबर सांगतच नाहीत, मारुती सांगतात. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, सोन्या मारुती, डुल्या मारुती, शिवाय पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर. बाहेरच्या लोकांना या नावांची गंमत वाटते पण मला यात फार शहाणपण दिसतं. नुसतं मारुतीजवळ म्हटलं असतं तर शहरात मारुती शेकड्यानं, म्हणून प्रत्येक मारुतीला स्वतःचं नाव, एकाचं दुसऱ्याला नाही. लोकांनी स्वतःच्या डोक्यानं बनवलेली पत्त्याची पद्धत आहे ही आणि ती कितीतरी वर्षं चालली कारण देऊळ जागचं हलत नाही. गावांचं पण तेच, वडगाव म्हटलं तर कुठलं वडगाव, बुद्रुक का शेरी का मावळ? कोंढवा खुर्द का बुद्रुक? आपल्या लोकांना एकाच नावाच्या दोन जागा वेगळ्या करायची अक्कल पहिल्यापासून होती. आता बिल्डर लोक एका रस्त्यावर तीन साई आणि चार गणेश उभे करतात आणि कोणी काही म्हणत नाही.

आणि खुणा टिकतात पण फक्त ज्याला माहिती आहेत त्याच्यासाठी. लकडी पूल बघा, लाकूड कधीच गेलं, पाटीवर नाव छत्रपती संभाजी पूल, तरी सगळे लकडी पूलच म्हणतात. एफसी रोडचं नाव नामदार गोखले पथ आहे हे तिथं रोज चहा पिणाऱ्या पोरांना विचारा. जन्मानं पुणेकर असेल त्याला अडचण नाही, पण बीडहून आलेल्या ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरला, लातूरहून आलेल्या डिलिव्हरीवाल्या मुलाला, मला स्वतःला सुरवातीला, जुनं नाव कुठलं नवीन कुठलं काय कळणार. शहराचं काम आता बाहेरून आलेल्या लोकांवर चालतं आणि पत्ते मात्र इथंच जन्मलेल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून सांगितलेले असतात.

मी मूळची सावंतवाडी तालुक्यातली. बाबा पोस्टमन होते. आमच्याकडे गाव म्हणजे पसरलेलं, वरची वाडी, मधली वाडी, खालची वाडी, एका वाडीतून दुसरीत जायचं तर मधे व्हाळ, म्हणजे ओढा, आणि काजूची बाग, आणि पत्ता म्हणजे मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. एवढ्यावर पत्र यायचं. बाबांना प्रत्येक घर पाठ होतं, नुसतं घर नाही, मुंबईला कोण आहे, मनीऑर्डर कुठल्या तारखेला येते, ती कोणाच्या हातात द्यायची आणि कोणाच्या नाही हे पण. अनोळखी माणूस दिसला की आमच्याकडे पहिला प्रश्न "कोणाचो तू?" आणि त्याचं उत्तर हाच पत्ता. बाबा आजारी पडून दीड महिना घरी होते तेव्हा बदलीवर आलेल्या माणसाला निम्मी घरं सापडली नाहीत, पत्रं अपुरा पत्ता असा शेरा मारून परत गेली आणि दोन म्हाताऱ्यांच्या मनीऑर्डरी अडकल्या. तेव्हा मी दहावीत होते. मला तेव्हा बाबांचा अभिमान वाटला होता की त्यांच्याशिवाय गावाचं चालत नाही. आता वाटतं की अख्ख्या गावाचे पत्ते एका माणसाच्या डोक्यात असणं किती धोक्याचं होतं.

पिनकोडची गोष्ट मला बाबांनीच सांगितलेली. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, टपाल खात्यात मोठ्या पदावर आणि वर संस्कृतमधले कवी-नाटककार. देशात एकाच नावाची गावं ढीगभर, अक्षरं वेगवेगळ्या लिपीतली, कोणाचं अक्षर लागतं कोणाचं नाही, त्यावर सहा आकड्यांचा उपाय. पहिला आकडा देशातला मोठा विभाग, आपला महाराष्ट्र आणि गोवा ४ मधे, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, म्हणजे पुण्याचा ४११, मुंबईचा ४००, गोव्याचा ४०३, आणि शेवटचे तीन म्हणजे तुमचं पोस्ट ऑफिस. त्याच्या आधी मोठ्या शहरात नुसते छोटे नंबर होते, गिरगाव म्हणजे मुंबई ४, सदाशिव पेठ म्हणजे पुणे ३०, आणि वेलणकरांनी ते मोडले नाहीत, नवीन कोडाच्या शेपटीला तसेच ठेवले, ४००००४, ४११०३०. लोकांच्या तोंडात बसलेलं न मोडता त्याच्यावर नवीन बांधायचं, याला म्हणतात काम. पण पिनकोड पोस्ट ऑफिसपर्यंत नेतो, तिथून दारापर्यंत पोस्टमनच लागतो. आणि आता दारात येणारा प्रत्येक जण पोस्टमन नाही, त्याची कायमची बीट नाही, तो आज इथं उद्या तिथं.

सॅम्पल घेणाऱ्या बाईला पत्त्याचं एवढं काय, असं कोणाला वाटेल म्हणून सांगते. डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सला असताना आम्हाला लंडनच्या कॉलऱ्याबद्दल शिकवलं होतं. १८५४ साली तिथल्या सोहो भागात माणसं पटापट मरत होती, डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंची यादी घेतली आणि कुठल्या घरात किती मेले ते नकाशावर मांडलं, तर सगळं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती गोळा झालेलं दिसलं. पंपाचा दांडा काढून टाकला. नंतर कळलं की त्याच रस्त्यावरच्या ४० नंबरच्या घरात आधी एक बाळ आजारी पडलं होतं आणि तिथली घाण गळून विहिरीत जात होती. हे सगळं शोधता आलं कारण यादीत प्रत्येक मेलेल्या माणसापुढे घराचा पत्ता होता. आता आपल्याकडचं बघा. पावसाळ्यात माझ्याच सॅम्पलमधे डेंगी निघतो, रिपोर्टवर पत्ता असतो अमुक नगर, तमुक मंदिराजवळ, मग फवारणीवाले आणि डासांच्या अळ्या शोधणारी माणसं येतात आणि अर्धा दिवस घर शोधतात, कधी चुकीच्या गल्लीत औषध मारून जातात. डास तोपर्यंत थांबतो का?

अजून एक गोष्ट, आणि ही मला मनापासून लागते. मी वस्त्यांमधे पण जाते. तिथं पत्ता विचारला की मुलं वस्तीचं नाव सांगत नाहीत, हॉस्पिटलच्या मागे म्हणतात, शाळेजवळ म्हणतात. एक मुलगी मला म्हणाली ताई इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर मी मावशीचा पत्ता टाकते. का, तर पत्ता वाचूनच समोरचा ठरवून टाकतो. गावाकडे तर वाड्यांना, गल्ल्यांना जातीचीच नावं होती, म्हणजे पाकिटावर तुमची जात लिहूनच पत्र गावात यायचं. राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मधे ही नावं बदलायचा निर्णय घेतला, समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायची ठरली, फार चांगलं झालं, व्हायलाच हवं होतं. पण नाव बदलून काम अर्धंच झालं. त्या समता नगरमधे दीडशे घरं असतील तर कुठलं दार? तिथल्या बाईला रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर १०८ च्या ड्रायव्हरला ती काय सांगणार? सोसायटीतल्या माणसाकडे निदान वॉचमन असतो. आणि मतदार यादीत ज्यांच्या घराला नंबरच नाही त्यांच्या नावापुढे घर क्रमांक शून्य लिहितात, हे ऑगस्ट २०२५ मधे निवडणूक आयोगानं स्वतःच सांगितलं. मी त्या राजकारणात जात नाही, पण स्वतःच्या घराचा नंबर शून्य हे वाचून कसं वाटत असेल याचा विचार करा.

कोणी म्हणेल आता मोबाईल आहे, लोकेशन पाठवायचं, झालं. टपाल खात्यानं २०२५ मधे डिजिपिन पण आणलाय, आयआयटी हैदराबादच्या मदतीनं, सगळ्या देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचा कोड. मी स्वतः माझ्या नेहमीच्या पेशंटचे कोड काढून ठेवलेत, पण हॉलमधे बसून नाही, गेटवर उभं राहून काढलेत कारण दार महत्त्वाचं, आणि खेड्यात, शेतातल्या घराला, वाडीवरच्या घराला ही गोष्ट खरंच सोन्यासारखी आहे. पण तळमजल्याचा आणि सातव्या मजल्याचा कोड एकच येतो. शिवाय घाबरलेली म्हातारी बाई फोनवर दहा अक्षरं वाचून दाखवू शकत नाही, आणि मुख्य म्हणजे तो कोड गल्लीत उभं राहून डोळ्याला दिसत नाही. फोनची बॅटरी गेली, रेंज गेली की संपलं. भिंतीवरच्या नंबरला बॅटरी लागत नाही.

माझा मावसभाऊ ऑस्ट्रेलियात असतो, तो एकदा सांगत होता की तिकडे गावाबाहेर शेतातल्या घरांना पण नंबर असतात आणि तो नंबर म्हणजे रस्ता जिथं सुरू होतो तिथून अंतर. दर दहा मीटरला एक आकडा, डावीकडे विषम, उजवीकडे सम. म्हणजे १२५० नंबर दिसला की समजायचं रस्त्याच्या तोंडापासून साडेबारा किलोमीटर, उजव्या हाताला. मधे नवीन घर झालं तरी त्याचा नंबर आधीच ठरलेला, अ ब क लावायची गरजच नाही. मला हे ऐकून आमच्या वाड्या आठवल्या. डांबरी रस्त्यापासून अमुक मीटरवर, व्हाळाच्या अलीकडे का पलीकडे हे नुसत्या आकड्यावरून कळलं असतं तर बदलीवरच्या त्या पोस्टमनला काय अडचण होती? आणि दक्षिण कोरियाचं वाचलं, त्यांच्याकडे पण पत्ते आपल्यासारखे जमिनीच्या तुकड्याचे होते, ते त्यांनी बदलून रस्त्याचं नाव आणि रस्त्यावरचा क्रम असे केले, २०१४ पासून तेच अधिकृत. म्हणजे इतकी वर्षं मुरलेली पद्धत बदलता येते. आपल्याकडे तर कामं चालूच आहेत, २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणं मोजतायत आणि लोकांना मिळकत पत्रिका मिळतायत, फार मोठं काम आहे ते, पण परत तो जमिनीचा आणि मालकीचाच कागद. मोजायला माणूस आणि ड्रोन दारापर्यंत गेलाच आहे तर त्याच फेरीत दाराला रस्त्यावरचा नंबर देऊन टाका ना.

माझी मागणी फार मोठी नाही. जिथं महापालिका आहे तिथं त्यांनी, नगरपालिका असेल तिथं त्यांनी, खेड्यात ग्रामपंचायतीनं, प्रत्येक गल्लीला एक नाव किंवा नंबर द्यावा, एका टोकाकडून सुरू करून ओळीनं दारांना नंबर द्यावेत, आणि ज्या गल्लीतून आत जायचं त्याच गल्लीचा नंबर द्यावा, मागच्या नाही. नंबर हातभर मोठा, रात्री गाडीच्या लाईटमधे चमकेल असा. वस्तीतल्या प्रत्येक खोलीला पण, तिचा कागद असो नसो, कारण पत्ता म्हणजे मालकीचा पुरावा नाही, आजारी माणसापर्यंत पोचायची वाट आहे, आणि हे नियमातच लिहून टाकावं म्हणजे कोणाला भीती नको. एकाच वॉर्डात एका नावाच्या दोन बिल्डिंगना परवानगी देऊ नये. मारुतीची नावं राहू द्या, वाड्यांची पण राहू द्या, ती आपली आहेत, नंबर त्यांच्या शेजारी येऊ दे. सर्व्हे नंबर सातबाऱ्यावर राहू दे, तिथं त्याचं काम आहे.

आणि हे होईपर्यंत वाचकांना विनंती, आज संध्याकाळी खाली उतरून आपल्याच बिल्डिंगकडे रस्त्यावरून बघा, आपण इथं पहिल्यांदा आलोय असं समजून. नाव झाडाच्या फांदीमागे गेलंय का, गेटवरचा दिवा चालू आहे का, ए विंग बी विंग लिहिलंय का. आमच्या त्या आजोबांच्या सोसायटीत मी सेक्रेटरी काकांच्या मागे लागून दोन्ही गल्ल्यांच्या तोंडाशी पाट्या लावून घेतल्या, बाण काढून, आणि मागच्या बिल्डिंगवाल्यांनी स्वतःहून नावापुढे "उत्तर" असं जोडलं. सगळा खर्च दोन हजारांच्या आत. परवा सॅम्पलला गेले तेव्हा आजोबा मला पाटी दाखवायला काठी टेकत गेटपर्यंत आले होते.

आपली नियमित वाचक,
घरोघरी सॅम्पल घेणारी एक ताई,
पुणे ३०